हवेची बारी

आमच्या घरात बरेच दिवस भाजी आणायला धड पिशवी नव्हती, आणि त्याला जबाबदार माझे सासरे. म्हणजे पिशवी होती. जाड कापडाची, चेनची, बंद दुहेरी शिवलेले. पण तिच्यात त्यांची धोतरं, सदरे, टॉवेल आणि मूठभर डांबरगोळ्या भरून ती खाटेखाली तयार ठेवलेली असायची. करकंबला, पंढरपूरजवळच्या आमच्या गावी जायला. तिथं शेतातल्या घरात एकट्यानं राहायला.

सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना जुळे सोलापुरात आमच्या फ्लॅटवर आणलं. शेत वाट्यानं दिलं, घराला कुलूप लावलं. आबांना कमी ऐकू येतं हे आधीपासून माहीत होतं, पण किती कमी, ते आम्हाला एका ट्रॅक्टरनं सांगितलं. आबा गाडीवाटेनं चालले होते आणि मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत येत होता. चालवणारा बिचारा बोंबलून बोंबलून दमला आणि शेवटी त्यानं ट्रॅक्टर बाजूच्या शेतात घातला, म्हणून आबा वाचले. आबांचं म्हणणं अजूनही हेच, की त्या पोराला ट्रॅक्टर येत नाही. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, यांना तिकडं एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी शेत रिकामं असेलच असं नाही.

तरीही अधूनमधून पिशवी भरली जायची. हितं माजं काय हाय, असं आबा विचारायचे, आणि आमचं उत्तर त्यांना ऐकू जात नसल्यामुळे भांडणसुद्धा व्हायचं नाही. अर्धवट राहिलेलं भांडण मला पचत नाही. मी शाळेत गणित शिकवते. सकाळभर पोरांवर घसा फोडायचा आणि घरी येऊन परत फोडायचा. आबा, जेवण! आबा, गोळी! आबा, नळ! समोरच्यांना सुरुवातीला वाटायचं की ही बाई सासऱ्याला छळते. कानात घालायचं चांगलं मशीनही आणलं होतं. ते आबांनी एक दिवस वापरलं, कानात गोम शिरल्यागत होतंय म्हणाले, आणि काढून कुठल्यातरी डब्यात टाकलं. तो डबा अजून सापडलेला नाही.

मग नवऱ्यानं नवी पेठेतून टीव्हीचा बिनवायरचा हेडफोन आणला. माझ्या नवऱ्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे. घरात विजेवर चालणारं काहीही बिघडलं की तो आधी त्या डिप्लोम्याची आठवण करून देतो आणि मग माणूस बोलावतो. हा हेडफोन म्हणजे डोक्यावर अडकवायच्या दोन वाट्या, आणि टीव्हीशेजारी ठेवायची एक काळी डबी, वर काडीएवढी एरियल. डबी टीव्हीचा आवाज हवेत सोडते, वाट्या तो पकडतात. कानात काही शिरत नाही, बाहेरूनच बसतं, म्हणून आबांनी चालवून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी कुस्त्या बघितल्या, स्वतः मांडीवर थाप मारली आणि लई बेस म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी दिसली. मी ताबडतोब तिच्यात मेथी आणली.

हे सुख टिकलं नाही, कारण आम्ही जुळे सोलापुरात राहतो. इथं एकानं बाल्कनीला जाळी बसवली की महिन्याभरात सगळ्या बिल्डिंगला जाळ्या. आमच्या समोरच्या दारात काका आणि काकू राहतात. मूळचे तेलुगू, पण सोलापुरात पिढ्या गेल्या. मुलं हैदराबादला. काकांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं आणि कान तिथंच राहिले. काकूंनी आमचा हेडफोन पाहिला, दुकान विचारलं आणि तोच, त्याच रंगाचा, त्याच दुकानातून आणला. दुसरा घेतला आणि निघाला वाईट, तर काय करायचं, असा त्यांचा विचार. इथं सगळ्यांचा तोच असतो.

झालं. त्या संध्याकाळी आबा बातम्या बघत होते. मध्येच त्यांनी हेडफोन काढला, टीव्हीकडे बघितलं, परत घातला, परत काढला. मग मला बोलावून गंभीरपणे म्हणाले, "ही बाई भाव सांगता सांगता तेलगूत रडाय लागली की गं." तिकडं काका त्यांची पौराणिक मालिका बघत होते. देवानं तथास्तु म्हणायला हात वर केला आणि काकांच्या कानात कांद्याचा भाव आला. काकांनी तो काकूंना सांगितला. देव सांगतोय म्हटल्यावर त्यांनी तो खराही मानला असणार.

दोन्ही दारं उघडली आणि मधल्या जागेत भांडण सुरू झालं. काकू म्हणाल्या, तुमची डबी जास्त जोर लावते. मी म्हटलं, तुमची मागून आली, आमची आधीची. माझ्या नवऱ्याला अशा वेळी फार बरं वाटतं. त्यानं दोघींना समजावलं, की मोबाईलवाल्या कंपन्यांनी हवेतले मोठमोठे पट्टे सरकारला पैसे मोजून घेतलेले असतात, पण एखादी चिंचोळी पट्टी सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली असते, बिनलायसनची. रिमोट, दारावरची बेल, असले हेडफोन, सगळे तिथंच. बारीक आवाजात कुणीही बोलावं, पण जागा माझी असं कुणी म्हणायचं नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर सोसायचं. काकूंनी विचारलं, तक्रार कुठं करायची? नवरा म्हणाला, कुठंच नाही. हे मला लगेच कळलं. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगचं असंच आहे.

आबा आमची हलणारी तोंडं नुसती बघत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन थोडक्यात ओरडले. त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी जन्मभर कालव्याच्या पाण्यावर दारं धरलेली, आपली बारी आली की रानात पाणी घेतलेलं. एका चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, दोघांनी एकदम दारं फोडली तर पाणी कुणाच्याच उसाला पोचत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको. बारी लावा म्हणाले. सकाळ आमची, दुपार समोरच्यांची, संध्याकाळ अर्धी अर्धी. आपली बारी संपली की आपली डबी बंद. काकूंनी बारी सुरू करताना ताटावर उलथनं वाजवायचं, म्हणजे कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरी शिट्टी मारायचा तसं. ते उलथनं आबांना ऐकू येणार नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून ते ऐकायचं काम माझ्याकडे आलं.

बारीबरोबर कालव्यावरच्या बाकीच्या सवयीही आल्या. काकूंची बारी चालू असताना आबा हळूच आमची डबी चालू करायचे. दोन्ही डब्या एकदम बोलल्या तर जी जवळ तिचाच आवाज वर येतो, हे त्यांनी खुर्ची सरकवून सरकवून शोधून काढलं होतं. गॅलरीजवळ बसलं की आमची कुस्ती, दाराजवळ बसलं की त्यांची मालिका. समोर काका नेमके त्यांच्या दाराजवळ बसायचे आणि त्यांना ना हे ना ते, नुसती खरखर. काकू उलथनं घेऊन आल्या की आबा डबी बंद करून भोळा चेहरा करायचे. मी रागावले तर म्हणाले, टेलच्या, चारीच्या शेवटच्या मानसानं थोडं सोसायचं असतंय. चोरी करायची आणि वर नियम सांगायचा.

दुपारच्या बारीत मात्र त्यांनी कधी चोरी केली नाही, आणि त्याचंच मला आश्चर्य वाटायला हवं होतं.

माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी असते. तेव्हा आबा दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे. आमचा टीव्ही बंद, डबी बंद, डोक्यावर हेडफोन, डोळे मिटलेले. मला वाटायचं झोपलेत, कानाला ऊब लागते म्हणून घातलाय. मधूनच ते हसायचे. म्हातारी माणसं झोपेत हसतात, असं मी स्वतःला सांगितलं. पिशवी मात्र कितीतरी दिवस रिकामी होती. मी तिच्यातून मेथी आणली, शेपू आणला, भोपळा आणला. नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की टेक्नॉलॉजीनं माणूस कसा रमतो बघा.

आबा मधूनच काहीतरी विचित्र बोलायला लागले होते. आमटीला चिंच घालायची तर आधी कढत पाण्यात टाक, म्हणाले. आयुष्यात चुलीजवळ न गेलेला माणूस. एकदा जेवताना घास हातात धरून म्हणाले, थोरल्याचा फोन आला न्हाय ह्या आठवड्यात. मी म्हटलं, थोरला इथंच बसलाय तुमच्यासमोर, भात खातोय. त्यांनी घास तोंडात घातला.

मग ती चष्म्याची दुपार आली. मी वह्या तपासत होते. आबा एकदम उठले, हेडफोन तसाच डोक्यावर, दार उघडलं, समोर गेले आणि बेल दाबली. काकूंनी दार उघडल्यावर, मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "फ्रीजवर हाय. मगाशी दूध काढताना ठिवला की तुमी."

काकूंनी जाऊन बघितलं. चष्मा फ्रीजवर होता. त्या चष्मा लावून परत दारात आल्या, आबांकडे बघितलं, त्यांच्या डोक्यावरच्या वाट्यांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

भानगड अशी होती. त्या डबीला खाली एक बटण आहे. ते सरकवलं की डबी टीव्हीचा आवाज सोडून आजूबाजूचं बोलणं हवेत सोडायला लागते. पाळण्यातलं बाळ रडलं तर आईला दुसऱ्या खोलीत कळावं म्हणून ती सोय. काकूंनी ते बटण शोधलं होतं. रोज दुपारी त्या डबी स्वयंपाकघरात नेऊन ठेवायच्या, काकांच्या डोक्यावर हेडफोन चढवायच्या आणि काम करता करता बोलत राहायच्या. एमंडी, म्हणजे अहो, ऐकता का, इथून सुरुवात. दूध नासलं, चष्मा धुरकट झाला, ठेवते इथं फ्रीजवर, थोरल्याचा फोन नाही, गॅसवाला उर्मट आहे, तुम्ही नुसते खाता. अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. काका पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागायचे. आणि समोरच्या घरात माझे सासरे डोळे मिटून सगळं ऐकायचे.

आबांच्या हिशेबात यात काही गैर नव्हतं. दुसऱ्याच्या बारीत दारं फोडणं ही चोरी, पण दुसऱ्याच्या बारीचं पाणी बांधातून पाझरून आपल्या रानात आलं तर ते काय परत पाठवायचं? आम्हाला मात्र तोंड दाखवायला जागा राहिली नाही. काकू रोज दुपारी काय काय बोलल्या असतील ते आठवत बसल्या, आणि त्यात मीही होते हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. माझ्याबद्दल काय म्हणाल्या ते आबांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. पण पुढचा आठवडाभर काकू माझ्याशी इतकं गोड बोलत होत्या की मी काय ते समजले.

नवऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा हेडफोनचं खोकं उघडून आतला कागद वाचला. म्हणजे बघितला, कारण तो चिनीत होता. पण त्यात एक चित्र होतं. डबीच्या पाठीवर एक झाकण, झाकणाखाली एक बारीक चाप, एक, दोन, तीन. दोन्ही घरांतल्या डब्या दुकानातून आल्या तशा एकवर होत्या. त्यानं आमची डबी आणि आमचा हेडफोन दोनवर सरकवला आणि झालं, आता कुणाचं कुणाला ऐकू येणार नाही. मी विचारलं, मग इतके दिवस मी त्या उलथन्याकडे कान लावून बसले, ते कशासाठी? तर म्हणाला, डिप्लोम्याला चिनी नव्हतं.

आता दोन्ही टीव्ही हवे तेव्हा चालू. बारी नाही, चोरी नाही, उलथनं नाही. दुसऱ्या दुपारी आबा दाराजवळ बसले, हेडफोन घातला, थोडा वेळ वाट बघितली, डोक्यावर दोनदा टिचकी मारून बघितली, आणि काढून खिळ्याला अडकवला. संध्याकाळी कुस्त्या होत्या. त्यांनी घातला नाही. आणि मी भाजीला निघाले तर पिशवी जागेवर नव्हती. खाटेखाली होती, भरलेली. पंढरपूरची गाडी किती वाजता सुटते ते त्यांनी नवऱ्याला विचारून ठेवलं होतं, आणि या वेळी ते नुसतं विचारत नव्हते. उद्या जातो, असं सांगून त्यांनी धोतर धुवून वाळत घातलं.

नवऱ्यानं हात टेकले. म्हणाला, चार दिवस जाऊ दे, वाटेकऱ्याला फोन करून लक्ष ठेवायला सांगतो. वाटेकरी दिवसभर उसाच्या फडात असतो, तो काय आबांच्या मागं हॉर्न वाजवत फिरणार आहे? मला तो ट्रॅक्टर डोळ्यांसमोर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच काकू आल्या. त्यांना गाडीचं काही माहीत नव्हतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, तो चाप परत एकवर करा. नवरा म्हणाला, काकू, तुमच्या प्रायव्हसीचा प्रश्न आहे. काकू म्हणाल्या, प्रायव्हसीचं काय लोणचं घालू? आमचे हे तर झोपतात. आधी कुणी ऐकत नाही हे माहीत नव्हतं, आता माहीत झालंय. निदान तेव्हा चष्मा तरी सापडत होता. आणि वर म्हणाल्या, काय बोलायचं नाही ते मी बोलणार नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मी आत गेले. आबा खाटेवर टोपी घालून बसले होते, पिशवी पायाशी. मी नेहमीप्रमाणे ओरडून विचारलं, का जाताय? काय कमी पडलं?

त्यांनी उत्तर देताना माझ्याकडे बघितलं नाही.

"तुमी समदी माज्याशी कामापुरतं बोलता. जेवा. गोळी घ्या. नळ बंद करा. ती बाई उगंच बोलती. उगंच बोलनारं मानूस लागतं गं घरात. तुजी सासू लई बोलायची."

मला राग आला आणि रडू आलं. राग आधी आला. रोज घसा फोडून कोण ओरडतं यांच्यासाठी? पण ओरडून माणूस किती आणि काय बोलणार? ओरडून 'जेवण' म्हणता येतं. आज शाळेत काय गंमत झाली ते ओरडून सांगता येत नाही. सांगायला गेलं की गंमतच जाते, म्हणून आम्ही कधी सांगायचं सोडलं ते आम्हालाही कळलं नव्हतं.

मी टीव्हीजवळची डबी उपटून आणली, खाटेशेजारच्या प्लगला लावली, खालचं बटण सरकवलं, खिळ्यावरचा हेडफोन त्यांच्या टोपीवरून चढवला आणि खाटेवर शेजारी बसून सुरू केलं. हळू. डबी तोंडाशी होती, ओरडायचं कारणच नव्हतं. काकू आत्ताच येऊन चाप परत एकवर करा म्हणाल्या, ते सांगितलं. शाळेत मोठ्या बाईंनी माझा मोकळा तास कसा पळवला ते सांगितलं. पुण्याच्या नणंदेला फोनवर फक्त मलाच शहाणपण शिकवायचं असतं, ते सांगितलं. तुमचा मुलगा डिप्लोमा डिप्लोमा करतो आणि घरातला बल्ब तीन वेळा सांगितल्याशिवाय बदलत नाही, ते सांगितलं. काल आसरा चौकात भाजीची पातळ पिशवी फाटली, मेथी सगळी रस्त्यावर, मी खाली बसून जुड्या गोळा करतेय आणि मागं रिक्षावाला हॉर्न देतोय, शेजारी आठवीतली दोन पोरं उभी राहून गुड इव्हनिंग मॅडम म्हणतायत. आणि घरात एक धड पिशवी आहे, तर ती तुम्ही खाटेखाली डांबरगोळ्या घालून दडवून ठेवलीय. जायचं तर जा, पण ती पिशवी माझी आहे.

आबा ऐकत होते. मेथीपाशी त्यांचं पोट हलायला लागलं होतं. मी थांबले तेव्हा त्यांनी वाट्या दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरल्या होत्या.

"तुजा आवाज असा हाय व्हय?" म्हणाले. "मला वाटलं, लई करकरीत हाय."

मग त्यांनी वाकून पिशवी वर घेतली, चेन उघडली आणि धोतरं, सदरे, टॉवेल एकेक काढून खाटेवर ठेवले. पिशवी उलटी करून झटकली. डांबरगोळ्या फरशीवरून घरंगळत गेल्या.

"ही घे," म्हणाले. "मेथी नगं आता, लई झाली मेथी. वांगी आन. आन् जाता जाता समोर सांग, दुपारची बारी त्येंचीच."

मी नवऱ्याला चाप परत एकवर करायला लावला, समोर सांगितलं आणि वांगी आणली. भाजीला डांबरगोळीचा वास लागला होता. नवऱ्यानं विचारलं, हा वास कसला. मी आबांकडे बघितलं. आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि अजून एक वांगं वाढून घेतलं.